निळी रेघ नाही म्हणजे नाला नाही?

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाई भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: "जुने टोपो नकाशे इंग्रजांनी अंदाजाने काढले. गूगलवर ठेवले की सगळं सरकतं. आणि डोंगराखालच्या आपल्या प्लॉटांवर त्यात निळी रेघसुद्धा नाही. इथे नाला होता हे खोटं आहे." आयुष्यभराची कमाई घातलेली माणसं यावर विश्वास ठेवतायत, म्हणून लिहितोय.

आधी निळ्या रेघेचं, कारण खरी फसगत तिथेच होते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटवर, म्हणजे डोंगर-ओढे दाखवणाऱ्या याच टोपो नकाशावर, निळा रंग पाण्याचा. कोरडा ओढा काळ्या रेघेने दाखवतात. आपले डोंगरातले ओढे पावसाळा सोडला तर कोरडे ठणठणीत, ते निळे दिसणार कसे? छत्रपती संभाजीनगर ४७ एम/५ या शीटवर येतं. परवा ती टेबलावर पसरली आणि भिंग धरलं. सातारा डोंगराच्या उत्तर उतारावरून केसासारख्या काळ्या रेघा खाली येतात, वाटेत एकमेकींना मिळतात. रेघ पुसट असेल तर तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. त्यांचं टोक चढाकडे वळलं की तिथे घळ, उताराकडे वळलं की डोंगराची सोंड.

अंदाजाने काढले म्हणे! त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०२ साली सुरू झालं. साखळीने आधाररेषा मोजायची, थिओडोलाइटने कोन घ्यायचे. तपशील भरणारे प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायची तिपाईवरची फळी, घेऊन टेकड्या चढले.

सरकतं, हे मात्र खरं. अक्षांश-रेखांश धरायला पृथ्वीचा आकार गृहीत धरावा लागतो; जुन्या शीटचा आधार एव्हरेस्ट पद्धतीचा, मोबाइलचा डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीचा. आपल्याकडे दोहोंत शंभरेक मीटरचा फरक पडतो. पण डोंगर, रस्ता, ओढा सगळे एकाच दिशेने सरकतात. डोंगरमाथा जुळवला की ओढाही जागेवर येतो.

नाला नेमका कुणाच्या प्लॉटातून जातो, हे मात्र ही शीट सांगणार नाही. १:५०,००० च्या नकाशात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट पाव मिलिमीटरही भरत नाही. त्यासाठी गट नकाशा, म्हणजे जमिनीच्या गटांच्या हद्दी दाखवणारा नकाशा, आणि मोजणीच लागते.

आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला रस्त्याखाली एक मोरी आहे आणि तिच्या तोंडासमोर नवं कंपाउंड. मोठी सर आली की पाणी मोरीतून येऊन थेट त्या भिंतीवर धडकतं. शीट जुळवून पाहिली, तर काळी रेघ डोंगरावरून त्याच मोरीच्या रोखाने उतरते.