त्या डाव्या हातावरचा मोजा आधी काढा

परवा, भोंडल्याच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी भावाकडे इंदिरानगरला गेले. भाचा बैठ्या टेबलाशी बसला होता आणि त्याच्या डाव्या हातावर पायमोजा चढवलेला होता. मनगटाशी रबरबँड. उजव्या हातात पेन्सिल, समोर चौकटींची वही. पानावर 5 चा आकडा एकाखाली एक अकरा वेळा, त्यातले सात उलटे. खोडरबर घासून घासून एका चौकटीला भोक पडलं होतं आणि त्यातून खालचं पान दिसत होतं. तो अजून चार वर्षांचा नाही. डिसेंबरात होईल.

“हे काय गं वहिनी?” म्हटलं. तिने फोन पुढे केला. “ताई, त्यांच्या वर्गाच्या ग्रुपवर आलंय. सगळ्याजणी करून घेतायत. आपलाच मागे पडला तर?”

तो मेसेज मलाही त्या आठवड्यात तीन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. ‘ऑटम टर्मचे टप्पे: दिवाळीच्या सुट्टीआधी ज्युनिअर केजीच्या मुलाला हे आलंच पाहिजे.’ पुढे यादी. 1 ते 100 अंक न बघता लिहिणं. ए ते झेड, मोठी आणि छोटी, दोन्ही. एका जागी अर्धा तास बसणं. उलटी अक्षरं काढत असेल तर तो डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, समजावा. डावखुरेपणा पाच वर्षांच्या आत मोडावा, नाहीतर मेंदूचे दोन भाग गोंधळतात आणि बोलणं मागे पडतं. घरात फक्त इंग्रजी. ऑटम ऋतूवर पाच वाक्यं. स्वतःचं नाव आणि पत्ता. यातलं निम्मंही येत नसेल तर मूल मागे पडलंय, आजच जागे व्हा. खाली कुणाचं नाव नाही, हे कशाच्या आधारावर म्हणतोय तेही नाही.

मी नाशकातच एका लहानशा बालवाडीत 19 वर्षं शिकवते आहे. त्यामुळे हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही. मोज्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या मुद्द्यांनी वेळ वाया जातो, या मुद्द्याने मूल दुखावतं.

दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. ही लागलेली खोड नाही. पोटातलं बाळ कोणत्या हाताचा अंगठा चोखतं हे सोनोग्राफीत दिसतं, आणि अशी मुलं मोठी झाल्यावर तपासली तेव्हा बहुतेकांचा तोच हात पुढे राहिलेला आढळला. म्हणजे आपण ज्याला ‘सवय मोडणं’ म्हणतो आहोत ती गोष्ट जन्माआधीपासून त्याच्यासोबत आहे. मेंदूचे दोन भाग गोंधळतात, हे तर कुठून काढलं कोण जाणे. बहुतेक डावखुऱ्या माणसांच्याही मेंदूत बोलण्याचं काम डावीच बाजू सांभाळते, उजव्या हाताने लिहिणाऱ्यांसारखीच. डाव्या हाताने पेन्सिल धरली म्हणून कुणाचं बोलणं अडत नाही. सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हाताची धरायचा, चेंडू उजव्या हाताने टाकायचा, आणि सही डाव्या हाताने करतो. त्याच्या मेंदूत काय गोंधळ झाला?

आता मला माहीत आहे, आपल्या घरांत डाव्या हाताचं एक अवघडलेपण आहे. प्रसाद उजव्या हाताने घ्यायचा, जेवायचं उजव्या हाताने. माझ्या आईनेही आम्हाला हेच शिकवलं आणि प्रसादाला उजवा हात पुढे करायला मुलं सहज शिकतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण एक क्षण हात पुढे करणं वेगळं आणि पेन्सिलीवर ताबा मिळवणं वेगळं. बोटांच्या बारीक हालचाली, डोळा आणि हाताचा मेळ, दाब किती द्यायचा, हे सगळं त्याचा डावा हात तीन वर्षं शिकत आला आहे. चमचा, ठोकळे, खडू, मातीचा गोळा, सगळं त्याच हाताने. तो हात मोज्यात कोंबून आपण त्याला दुसऱ्या हाताने नव्याने सुरुवात करायला लावतो, वर त्याच संध्याकाळी शंभर अंकांची घाई. मग आकडे वेडेवाकडे आले की म्हणायचं, बघा, मागे पडलाय.

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक मुलगी होती. चित्राचा तास आला की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. खडू समोर ठेवला तरी घ्यायची नाही. कोणता हात काढला तर ओरडा बसेल हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने दोन्ही लपवले होते. तो चेहरा मी विसरलेले नाही, आणि परवा भाच्याच्या टेबलाशी तोच दिसला.

आता शंभर अंक. इथे माझं मत बाजूला ठेवते आणि सरकारी कागदच समोर ठेवते. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. कोणत्या वर्गाअखेर मुलाला काय यावं हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचं वर्ष, वय 5 ते 6: अक्षरं आणि त्यांचे आवाज ओळखणं, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणं, 10 पर्यंतचे अंक ओळखणं आणि वाचणं, वस्तू, आकार, घटना क्रमाने लावणं. दहापर्यंत. तेही ओळखणं आणि वाचणं. 99 पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं हे उद्दिष्ट पहिलीच्या शेवटचं आहे.

हिशेब करून बघा. ज्युनिअर केजीची दिवाळी ते पहिलीचा एप्रिल, अडीच वर्षं. ज्या गोष्टीसाठी देशाच्या शिक्षण खात्याने पहिली पूर्ण व्हायची वाट पाहायला सांगितली आहे, ती हा निनावी मेसेज अडीच वर्षं आधी, चार वर्षांच्या आतल्या मुलाकडून मागतो आहे. पालकांच्या ग्रुपवर एवढा एकच मुद्दा टाकला तरी पुरे.

वयाचाही विचार कुणी करत नाही. आपल्या राज्यात पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण धरतात. तिथून मागे मोजत आलं तर ज्युनिअरच्या एकाच बाकावर जानेवारीतलं आणि डिसेंबरातलं मूल शेजारी बसतं. दोघांत अकरा महिन्यांचं अंतर. चार वर्षांच्या आयुष्यात अकरा महिने म्हणजे जवळजवळ पाव आयुष्य झालं. दोघांना एकच तारीख लावणारी यादी मुळातच चुकीची आहे.

भाचा तोंडाने चाळीसपर्यंत म्हणतो. न अडखळता, गाण्यासारखं. मोजा काढल्यावर मी त्याला म्हटलं, “आत्याला सात शेंगदाणे दे बरं.” त्याने मूठभर उचलून दिले. मग आम्ही एकेक दाणा बाजूला सरकवत मोजायला लागलो. पाचपर्यंत नीट आला, सहावा दाणा दोनदा मोजला गेला, पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या खेपेला बरोबर सात आले तेव्हा त्याने ते सातही दाणे खाऊन टाकले आणि “अजून सात?” म्हणाला. या वयातलं गणित हे आहे. एका दाण्याला एक अंक, आणि शेवटी म्हटलेला अंक म्हणजे एकूण दाणे. ही जाण पक्की होण्याआधी शंभर आकडे लिहून घेतले तर ती शंभर चित्रं होतात, संख्या होत नाहीत.

बरं, हा ‘ऑटम’ कुठला? मेसेजमध्ये म्हटलंय की ऑटममध्ये पानं लाल-केशरी होऊन गळतात, लोक स्वेटर घालतात, मेपलची पानं वहीत चिकटवा. नाशकात आत्ता ऑक्टोबरचं ऊन आहे, पंखा बंद करता येत नाही. पानगळ आपल्याकडे शिशिरात, फेब्रुवारी-मार्चला. ही यादी अमेरिकेतल्या कुठल्यातरी वर्गाची उचललेली आहे हे उघड आहे. तिकडे शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि किंडरगार्टनमधलं मूल साधारण पाच वर्षं पूर्ण झालेलं असतं. आपली शाळा जूनची आणि आपलं ज्युनिअरचं मूल त्यांच्यापेक्षा वर्षभराने लहान. तरी तिकडच्या अनेक राज्यांनी घेतलेल्या कॉमन कोअर मानकांतसुद्धा वर्षाच्या शेवटी मुलाने 100 पर्यंत तोंडी मोजावं आणि 0 ते 20 लिहावं एवढंच म्हटलंय. म्हणजे यादी उचलताना कुणीतरी मोजण्याचं लिहिणं करून टाकलं, आणि वर्षाअखेरचं दिवाळीआधी.

शरद ऋतूत लहान मुलांना शिकवायला आपल्याकडे काय कमी आहे? भोंडलाच घ्या. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत. दुसऱ्या दिवशी दोन. नवव्या दिवशी नऊ. रोज एक वाढतो, हे मूल फेर धरून, टाळ्या वाजवून, खाऊन शिकतं. आणि खिरापत ओळखणं! आमच्या वर्गात बंद डबा फिरतो. या वर्षी एका मुलाने डबा कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, “वाजत नाही. म्हणजे चिवडा नाही.” शेजारची म्हणाली, “गरम आहे, म्हणजे आत्ताच केलाय.” मग वास. मग “गोड आहे का?” असा प्रश्न. शिरा निघाला. आवाजावरून, स्पर्शावरून, वासावरून तर्क करून, पूर्ण वाक्यात बोलून, आपली पाळी येईपर्यंत थांबून ही मुलं उत्तरापर्यंत पोचली. असा कोणता स्वाध्याय पुस्तकात आहे तो मला दाखवा.

दसऱ्याला बाजारात आपट्यासोबत कांचनाची पानंही येतात. दोन्ही जुळ्या पाकळ्यांसारखी, पण आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत. मुलं ढीग वेगळे करतात, पान मधोमध दुमडून दोन्ही बाजू जुळतात का बघतात. द्राक्षबागेत काम करणाऱ्या पालकांची मुलं याच दिवसांत छाटणीच्या गोष्टी सांगतात, कुठली काडी ठेवली, कुठली कापली. दिवाळीच्या किल्ल्यावर पेरलेले अळीव रोज किती वर आले ते आम्ही दोऱ्याने मोजतो. आणि ज्या आयांना अक्षराची काळजी आहे त्यांनी रांगोळीची चिमूट बघावी. अंगठा आणि दोन बोटं. पेन्सिल धरायला हीच पकड लागते. झेंडूची फुलं ओवताना, पणतीची माती वळताना हाच हात तयार होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन आदिवासी पाड्यांतली मुलं शिकवली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. आपल्याकडे हे सगळं असताना मेपलचं पान छापून रंगवायचं?

बाकीचे मुद्दे थोडक्यात. अर्धा तास एका जागी: या वयाचं मूल एका कामात पाच-दहा मिनिटं रमलं तर उत्तम चाललंय, मीच माझ्या वर्गात पंधरा मिनिटांच्या पुढे काही नेत नाही. उलटी अक्षरं: सहा-सात वर्षांपर्यंत मुलं सर्रास काढतात, त्यावरून घरबसल्या डिस्लेक्सियाचं लेबल लावायचा अधिकार कुणालाही नाही. घरात फक्त इंग्रजी: 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हटलंय. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते ती बंद करून मुलाला काय मिळणार?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, नाइलाजाने का होईना. नाव, आई-बाबांचं नाव, पत्ता सांगता येणं कामाचं आहे. कालिकेच्या यात्रेतल्या गर्दीत मूल हरवलं तर हेच उपयोगी पडतं. आणि वयाप्रमाणे काही टप्पे खरंच बघायचे असतात, यादी काढणाऱ्याची तेवढी कल्पना चूक नाही. चार वर्षांचं मूल चार शब्दांचं वाक्य बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, येत असलेल्या गोष्टी विसरत चाललं असेल, तर ‘मुलं उशिरा बोलतात’ म्हणून बसून राहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणीला येतात, त्यांना विचारा. हे टप्पे त्या मेसेजमध्ये एकही नाहीत.

काल चौथ्या दिवशी भाच्याला आमच्या सोसायटीच्या भोंडल्याला आणलं. पाटावरच्या हत्तीची सोंड त्याने काढली, रांगोळीने, डाव्या हाताने. वहिनी बाजूला उभी होती, काही बोलली नाही. रात्री तिने तो फोटो त्याच ग्रुपवर टाकला. दोन आयांचे तिला वेगळे फोन आले, आमचाही डावखुरा आहे, आम्ही काय करायचं?

त्यांच्यासाठी सांगते. कागद सरळ ठेवू नका, वरचा भाग थोडा उजवीकडे झुकू द्या, म्हणजे मनगट वाकवावं लागत नाही आणि लिहिलेलं दिसतं. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला द्या, हाताने अक्षर पुसलं जाणार नाही. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवायला बाईंना सांगा, शेजारच्याच्या कोपराला कोपर लागत नाही. कात्री डावखुऱ्यांची वेगळी मिळते, तीच आणा. आणि वही दिवाळीनंतर काढली तरी चालेल.