नेवऱ्या मोजायच्या कशा, ते विमानवाल्यांकडून शिका

डॉक्टरनी साखर वाढलीय म्हणून सांगितलं ना, आणि नेमकी गणपतीची चवथ, म्हणजे नेवऱ्यांचा (करंज्यांचा) सण, तोंडावर आलीय? घाबरू नका हो, जगभरची सरकारं विमानांच्या धुराचा हिशोब कसा ठेवतात ते बघून घ्या, तुमचं सगळं पथ्य त्यात आरामात बसतं.

पहिलं म्हणजे घरच्या नेवऱ्या मोजायच्याच नाहीत. इकाओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विमानांची संस्था, तिची धुराच्या हिशोबाची जी कॉर्सिया योजना आहे ना, तिच्यात एका देशातनं दुसऱ्या देशात जाणारी विमानंच धरतात, म्हणजे मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरलेलं विमान हे आपलं घरचं खाणं, त्याचा धूर त्या वहीत चढतच नाही. दुसऱ्यांकडे आरतीला गेलात तर तिथल्या मोजा, पण त्याही सगळ्या नाही हां, 2019 च्या चवथीला हाणलेल्यांच्या 85 टक्क्यांपर्यंत माफ, त्याच्या वर जातील तेवढंच पाप. आणि त्या पापासाठीसुद्धा तुम्ही हात आखडायची गरज नाही, शेजारच्या काकांना चार पैसे देऊन दोन नेवऱ्या कमी खायला सांगा, ह्याला ऑफसेट म्हणतात. (काका तशाही खाणार नव्हते हे कोणाला सांगू नका.) भारताला ह्याची सक्ती 2027 पासून, तोवरच्या चवथी मोकळ्याच.

मग ते सॅफ नावाचं हिरवं इंधन. आपल्या सरकारचं टार्गेट 2027 ला 1 टक्का, 2028 ला 2, 2030 ला 5, तेही परदेशी जाणाऱ्या विमानांपुरतं. म्हणजे शंभरातली एक नेवरी शुगर फ्री करा, झालं. शिवाय हे इंधन वापरलेल्या खाद्यतेलापासूनही बनतं, तेव्हा बायको ओरडली की सांगायचं, मी खात नाहीये गं, देशासाठी तेल जळवतोय.

भांडी मात्र हिरवी हवीत. पेडण्याच्या पठारावरची हजारो झाडं गेली पण 2022 ला मोपाचं उद्घाटन झालं तेव्हा सोलर होतं, रनवेला एलईडी दिवे होते, पावसाचं पाणी साठवायची सोय होती, तसं तुम्हीपण केळीच्या पानावर खा. आणि एवढ्याशा गोव्यात दाबोळी धरून दोन विमानतळ, मग तुमच्या घरात नेवऱ्यांचे दोन डबे का नकोत?

एवढं करूनही डॉक्टर ऐकेनात तर इकाओसारखं लिहून द्या, 2050 पर्यंत नेट झिरो, म्हणजे सोडू तेवढा धूर पुसूनही टाकू. सक्ती नाही, इच्छा आहे म्हणावं. डॉक्टर साठीला आलेत, तेव्हाचा रिपोर्ट बघायला ते कशाला थांबतायत.