‘सैतानाला दार उघडणाऱ्या २१ वस्तू’: त्या यादीला उत्तर

मुंबईतल्या कॅथलिक कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणे घरातल्या २१ वस्तू सैतानाला दार उघडतात, आजच बाहेर काढा. यादीत समई आहे, तोरण आणि रांगोळी आहे, बुद्धाचा मुखवटा, घुबड, हत्ती, ड्रीमकॅचर, चोरबाजारातलं फर्निचर, शेजाऱ्यांचा प्रसाद, भंगलेले पुतळे, आणि कहर म्हणजे ‘परधर्मीय सुनेने माहेरून आणलेलं सामान’. मग उपाय: पहाटे तीनला सगळं जाळा, चार कोपऱ्यांत मीठ टाका, पोप लिओ तेराव्यांची सैतान घालवण्याची प्रार्थना नऊ वेळा म्हणा. शेवटी ‘गृहशुद्धी’साठी एक फोन नंबर. आमच्या मावशीने हे वाचून सासूबाईंच्या वेळची पितळी समई माळ्यावर टाकली, तेव्हा मात्र उत्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

समईपासूनच सुरुवात करू. मेसेज म्हणतो, तेलाचा दिवा ही मूर्तिपूजा, कॅथलिक घरात फक्त मेणबत्ती चालते. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने (म्हणजे व्हॅटिकनने) भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून उपासनाविधीत बारा बदलांना मान्यता दिली. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा वापरता येईल, हा त्यातला एक बदल. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, पंचांग प्रणाम, साध्या दांडीच्या धुपाटण्यात धूप, फुलं-धूप-दिवा यांची आरती, हे सगळं त्याच बारांत आहे. सक्ती नव्हती, मुभा होती. कुठे किती वापरायचं ते बिशपांनी ठरवायचं होतं. काहींना ते तेव्हाही रुचलं नाही, आजही रुचत नाही, आणि तशी आवड-निवड असायला हरकत नाही. पण जी गोष्ट खुद्द मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेदीजवळ चालते ती तुमच्या दिवाणखान्यात सैतानाला बोलावते, हे म्हणायचं असेल तर आधी रोमला पत्र लिहा. राहता राहिला समईच्या टोकावरचा मोर. तो खटकत असेल तर टोकावर क्रूस असलेल्या समया मिळतात. मोर राहिला तरी तो मोरच आहे.

तोरण, रांगोळी, हत्ती, घुबड यांवर वेळ घालवत नाही. नाताळात आपण दारात जो स्टार टांगतो तो बांबूच्या कामट्या आणि कागदाचाच असतो, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा. कामट्यांना धर्म नसतो. चोरबाजारातल्या किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या पलंगाबरोबर घरात काही आलंच तर ते ढेकूण आणि लाकूड पोखरणारे किडे असतात. सांधे, फटी आणि गादीखालच्या फळ्या बॅटरी घेऊन तपासा, बारीक पिवळट भुसा पडत असेल तर पलंग घेऊ नका. पवित्र पाणी शिंपडून ढेकूण जात नाहीत.

प्रसादाचा मुद्दा थोडा नीट घ्यायला हवा, कारण तिथे बायबलचा आधार दिलाय. संत पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:२०) म्हणतो की परराष्ट्रीय (म्हणजे मूर्तिपूजक) जे यज्ञ करतात ते भुतांना करतात. बरोबर, असं लिहिलंय. पण मेसेज लिहिणारा पाच ओव्या पुढे वाचायला विसरला. १०:२५ मध्ये पौल म्हणतो, बाजारात जे विकलं जातं ते चौकशी न करता खा. १०:२७ मध्ये म्हणतो, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा. १०:२८ मध्ये मात्र म्हणतो, हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आणि त्याआधी, ८:८ मध्ये: अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही. म्हणजे ज्याचं मन खरोखर टोचतं त्याने खालच्या मजल्यावरून आलेला मोदक हात जोडून नाकारावा, कुणी रागावणार नाही. दिवाळीचा फराळ तर बहुतेक घरांत शेजाऱ्यासाठीच काढून ठेवलेला असतो. मोदकातून पोटात भूत शिरतं, हे पौलाने कुठेही लिहिलेलं नाही.

आता भंगलेले पुतळे. मेसेज सांगतो, मरिया माउलीच्या पुतळ्याचा हात तुटला तर घरात अरिष्ट येतं. ही समजूत कॅथलिक नाही. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, हा आपल्या हिंदू शेजाऱ्यांचा संकेत. म्हणजे ज्याला समई चालत नाही त्याला शेजाऱ्यांचं वास्तुशास्त्र मात्र चालतं! पुतळा तुटला तर सरळ दुरुस्त करा. एम-सील या जोडपुट्टीचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा, तुटलेली जागा कोरडी आणि धूळमुक्त करून लावा, रात्रभर वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर मारा आणि ॲक्रिलिक रंगाचा हात द्या. ओल्या जागेवर लावलं तर ते महिन्याभरात सुटून येतं, आणि मग ‘पुन्हा तुटला, नक्की काहीतरी आहे’ अशी कुजबुज सुरू होते.

इथवरचं हसण्यावारी नेता येतं. सुनेच्या सामानाचा मुद्दा नेता येत नाही. मेसेजमधलं वाक्य असं: घरात मूल सतत आजारी पडत असेल, नवरा पीत असेल, फिट येत असेल, मूल होत नसेल, तर परधर्मातून आलेल्या सुनेचं सामान तपासा. मुंबईत मिश्र विवाह गल्लोगल्ली आहेत. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिकाचं लग्न व्हायचं तर बिशपांची सूट लागते, ती चर्चच्या कायद्यातल्या कॅनन (कलम) १०८६ खाली. कॅनन १०८६ आणि ११२५ वाचले तर दिसतं की वचन कॅथलिक जोडीदाराने द्यायचं असतं: स्वतःच्या श्रद्धेला धोका होईल अशा गोष्टी दूर ठेवीन, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची माहिती द्यायची असते. आणि लग्नाचा मूळ अर्थ दोघांनाही समजावून सांगायचा असतो. इतकंच. तिने आईची निशाणी, कुंकवाचा करंडा, कुलदेवतेची तसबीर फेकावी, अशी अट कुठेही नाही. चर्चने समजूनउमजून दिलेली सूट सासूने व्हॉट्सॲपवरून मागे घ्यायची नसते.

आणि आजाराचं काय? कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला परिच्छेद १६७३ भूतबाधेवरच आहे. त्यात बजावलंय की आजार, विशेषतः मानसिक आजार, ही वेगळी बाब आहे आणि त्यावर उपचार हे वैद्यकशास्त्राचं काम आहे. सैतानाची उपस्थिती मानण्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करायची. कॅनन ११७२ प्रमाणे बिशपांच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कोणीही, अगदी फादरही, भूतबाधा झालेल्या माणसावर विधी करू शकत नाही. प्रार्थना गटाचा उत्साही कार्यकर्ता तर नाहीच. फिट येणाऱ्या मुलाची गोळी ‘शुद्धी झाली’ म्हणून एकदम बंद केली तर थांबत नाही अशी फिट येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. मन बिघडलेलं वाटत असेल तर केईएम, नायर, सायन इथे मानसोपचार विभाग आहेत, आणि टेलीमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. त्या मेसेजखालच्या नंबरपेक्षा हा फिरवा.

अजून एक गोष्ट पाठवणाऱ्यांना माहीत असावी. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे इतरांवर संकटं येतात किंवा रोग पसरतात, असा समज पसरवून त्याचं जगणं अवघड करणं त्या कायद्याच्या अनुसूचीत बसतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. कायदा धर्म विचारत नाही. सुनेचं नाव न घेता तिच्याकडे बोट दाखवणारा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

बरं, यादीत काहीच खरं नाही का? आहे, नाइलाजाने मान्य करतो. मृतांशी बोलायचं प्लँचेट किंवा वीजा बोर्ड, भविष्य सांगायचे टॅरो पत्ते, ताईत, नजरेसाठी काळी बाहुली, दारावरची लिंबू-मिरची, निळा डोळा: या वस्तू कॅथलिक घरात नकोतच. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २११० ते २११७ या विषयावर आहेत. २११६ मध्ये राशिभविष्य, हस्तरेषा, शकुन, मृतात्म्यांशी बोलणारी ‘माध्यमं’ सगळी येतात, आणि २११७ मध्ये ताईत घालणंही निंद्य म्हटलंय. कारण वस्तूत भूत बसलेलं असतं असं नाही. देवाकडे मागायचं ते आपण दोऱ्याकडे मागतो, म्हणून. गंमत अशी की यादीत बुद्धाचा मुखवटा आहे, पण आपले लोक खरोखर करतात त्या गोष्टी नाहीत: वास्तू बघून फ्लॅट घेणं, गाडीच्या नंबरची बेरीज, रविवारच्या पेपरातली रास. आणि परिच्छेद २१११ तर आपल्याच वस्तूंना लागू होतो. नुसत्या बाह्य कृतीत ताकद आहे असं मानून केलेली प्रार्थनासुद्धा अंधश्रद्धाच. घर विकलं जावं म्हणून संत योसेफाचा पुतळा उलटा पुरणं, ‘नऊ जणांना पाठवा नाहीतर’ छापाच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), हेल्मेट न घालता संत बेनेडिक्टच्या मेडलवर भरवसा ठेवणं. वांद्र्याच्या मोत माउलीच्या (माउंट मेरीच्या) जत्रेत मेणाचं घर किंवा मेणाचा पाय वाहणाराही या कसोटीतून सुटत नाही. प्रार्थनेची खूण म्हणून वाहिला तर ठीक, मेणाच्या वजनावर सौदा केला तर तो ताईतच.

अशी वस्तू खरंच घरात असेल तर काढायची कशी? मध्यरात्रीची गरज नाही. लिंबू-मिरची ओल्या कचऱ्यात. ताईताचा दोरा कापा, पेटी उघडा, आतला कागद फाडा, धातू भंगारात. टॅरोचे पत्ते आणि बोर्ड कापून सुक्या कचऱ्यात. त्यांवर प्लास्टिकचा थर असतो, म्हणून जाळायचे नाहीत. ऑनलाइन विकू नका, कुणाला भेट देऊ नका. त्या नादाला लागला असाल तर कन्फेशनला जा, कारण जे बिघडलंय ते तुमच्यात बिघडलंय, पुठ्ठ्यात नाही. प्रेषितांची कृत्ये १९:१९ मध्ये इफिसच्या लोकांनी जादूची पुस्तकं जाळली, हा आधार मेसेजमध्ये दिलाय. ती त्यांची स्वतःची, रोज वापरातली जादूची पुस्तकं होती. शेजाऱ्याच्या घरातला गणपती नव्हता. कुणी दिलेली देवमूर्ती ठेवायची नसेल तर ती मानणाऱ्याकडे आदराने परत द्या. फोडून तिचा व्हिडिओ टाकणाऱ्याला भारतीय न्याय संहितेची कलमं २९८ आणि २९९ लागू शकतात.

उपायांबद्दल थोडक्यात. रेझिनचा बुद्ध आणि नायलॉनचं ड्रीमकॅचर फ्लॅटच्या गॅलरीत जाळलं तर विषारी धूर होतो, त्यात कुणी पवित्र होत नाही. मीठ आशीर्वादित करण्याची प्रथा चर्चमध्ये खरीच आहे, चिमूटभर पवित्र पाण्यात घालतात. कोपऱ्यात मूठ-मूठ टाकलेलं मीठ मुंबईच्या पावसाळ्यात पाणी धरतं आणि गोदरेजच्या कपाटाचे पाय गंजवतं. पोप लिओ तेराव्यांच्या सैतान घालवण्याच्या त्या लांब विधीबद्दल रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २९ सप्टेंबर १९८५ च्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की प्रापंचिकांनी तो वापरू नये. संत मायकलची छोटी प्रार्थना वेगळी, ती खुशाल म्हणा. पोप जॉन पॉल दुसऱ्यांनी १९९४ मध्ये ती म्हणायला सांगितलं होतं.

आशीर्वादित वस्तू जुन्या झाल्या तर त्या जाळायच्या किंवा पुरायच्या, कचऱ्यात टाकायच्या नाहीत. झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) झावळ्या राखेच्या बुधवारच्या (ॲश वेन्सडेच्या) आधी चर्चमध्ये परत द्या, त्यांचीच राख होते. कागदी तसबिरी जाळून राख कुंडीत घाला. प्लास्टिकची रोझरी आणि लॅमिनेट केलेली चित्रं पुरा. फ्लॅटमध्ये माती नसेल तर पॅरिश ऑफिसात विचारा, बहुतेक सिमेटरीत एखादा कोपरा मिळतो. दुरुस्त न होणारा प्लास्टरचा पुतळा ओळखता येणार नाही इतका फोडून पुरायचा. समुद्रात किंवा पिंपळाखाली ठेवू नका, प्लास्टर पाण्यात विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने गणेशमूर्तींसाठी काढलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत इथेही चालते: आधी रंग खरवडा, बादली गच्चीत किंवा उघड्यावर ठेवा, झाकण घट्ट लावू नका, मधूनमधून ढवळा. अमोनियाचा वास नाकात जातो, लहान मुलांना लांब ठेवा.

आणि तो फोन नंबर. पैसे देऊन पवित्र आत्म्याची ताकद विकत घेऊ पाहणाऱ्या सीमोनाला पेत्राने काय ऐकवलं, ते प्रेषितांची कृत्ये ८:२० मध्ये आहे. घराला आशीर्वाद हवा असेल तर आपल्या पॅरिशच्या फादरांना बोलवा. टेबलावर स्वच्छ कापड, क्रूस, पेटवलेली मेणबत्ती आणि वाटीभर पाणी ठेवा, घरातले सगळे हजर असतील अशी वेळ घ्या. देणगी ऐच्छिक असते. मेणबत्ती नसेल तर समई चालते.