कोमल धैवताची करंगळी

आपल्या बांबूच्या बासरीत कोमल स्वर काढायचा तर भोक अर्धे झाकावे लागते आणि हे ‘अर्धे’ म्हणजे नेमके किती, ते कळण्यात उमेदीची वर्षे जातात. म्हणून भाच्याने आयर्लंडहून चार चाव्यांची काळ्या लाकडाची बासरी आणली, तेव्हा मला आपल्यावरची साडेसाती संपल्यासारखे वाटले. आपल्या पद्धतीने तीन भोके झाकून षड्ज धरला, तर त्या चार चाव्यांवर रिषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही कोमल स्वर हजर असतात. इतकी सोय पाहूनच खरे तर संशय यायला हवा होता.

जुलैत कोमल धैवताची चावी एकाएकी कडक झाली. ती उजव्या करंगळीने दाबायची असते आणि माझ्या करंगळीने आयुष्यात कसलेही जबाबदारीचे काम केलेले नाही. भैरवातला धैवत उमटेपर्यंत मी पंचमावर परतलेला असे. स्वर कोमल आणि चावी मात्र वाड्याच्या दिंडीदरवाजाच्या अडसरासारखी!

चावी म्हणजे एक चिमुकली तरफ असते: एका टोकाला बोट, दुसऱ्या टोकाला भोक झाकणारी कातडी गादी, मध्ये लाकडी खाचेतून आरपार गेलेली खीळ, आणि बोटाच्या बाजूला खालून रिव्हेटने बसवलेली पोलादी पट्टी, म्हणजेच स्प्रिंग. सुटी स्प्रिंग मिळाली तर पाहावी म्हणून मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. “बासरीला स्प्रिंग नसते,” एवढे सांगून दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी पिशवीतून बासरी काढून दाखवली. “मग ही बासरी नाही,” तो म्हणाला.

अखेर घरीच, डायनिंग टेबलावर, दाभणाने खीळ ढकलली. ती सुटली ती थेट कपाटाखाली गेली आणि पुढचा पाऊण तास मी बॅटरी घेऊन जमिनीवर पालथा पडलो होतो. चावी खाचेतून चिमट्याने ओढून काढावी लागली; या गोष्टीकडे मी नीट लक्ष दिले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. स्प्रिंगचा बाक मी रिव्हेटजवळ नखाने हलकेच कमी केला, सगळे परत बसवले, तरी चावी ढिम्म! असे सहा वेळा केले. सातव्या खेपेला ती बोटाला वश झाली आणि मी घरात विजयी मुद्रेने भैरव वाजवला.

डिसेंबरात, सगळी भोके बंद करून निघणाऱ्या मंद्र पंचमाच्या जागी नुसता दमेकरी वारा येऊ लागला. त्याच चावीच्या गादीखाली पतंगाच्या कागदाची पट्टी धरून ओढली, तर ती अलगद निघून आली, म्हणजे गादी भोकावर टेकतच नव्हती. खाचेत डोकावलो, तेव्हा चावीच्या दोन्ही बाजूंना पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसली. पावसाळ्यात लाकूड फुगून खाचेने चावी आवळली होती, स्प्रिंग बिचारी निर्दोष होती, आणि मी तिचा कणा सात वेळा मोडून ठेवला होता.

तूर्त चावीवरून एक रबर ताणून बांधले आहे. त्यामुळे पंचम परत आला आणि चावी जुलैइतकीच कडक झाली.

“अहो,” स्वयंपाकघरातून आवाज आला, “फरसाणाच्या पुड्याचं रबर कुणी नेलं?”