बीट-पालकवाल्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण लगेच लिहायला बसलो नाही, तेव्हा लिहिलं असतं तर नको ते बोलून गेलो असतो. आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करतो. बीटालेनवाल्या, म्हणजे बीटला लाल करणारं रंगद्रव्य असलेल्या, फुलांच्या यादीत मी कार्नेशन घातलं ती माझीच चूक, बीटच्याच गणातलं (म्हणजे वनस्पतींच्या त्याच मोठ्या गटातलं) असलं तरी त्याचा रंग अँथोसायनिन या दुसऱ्या रंगद्रव्याचा असतो, दुरुस्त केलंय.

पण "बीटच्या गणात अँथोसायनिनचे जीनच गेले म्हणून रंग बदलला, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, लेखकाने आधी वाचून यावं" हे असं बोलायची काय गरज होती? एमएस्सीला दोन वर्षं रंगद्रव्यांवरच काम केलंय मी. गोकर्णाच्या निळ्या अर्कात ॲसिडचे चार थेंब टाकले की तो आधी जांभळा मग गुलाबी होतो, आणि शेजारच्या टेस्ट ट्यूबमधला गुलबक्षीचा राणी रंग तेवढ्याच ॲसिडला ढिम्म हलत नाही, कॉस्टिक सोडा घातला तर मात्र पिवळा पडतो, हे मी किती वेळा बघितलंय त्याला मोजदाद नाही. गोकर्णाचा रंग अँथोसायनिन, तो फिनाइलॲलॅनिन या अमिनो आम्लापासून बनतो, गुलबक्षीचा बीटालेन, तो टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून, आणि निसर्गात एकाच झाडात दोन्ही सापडलेले नाहीत. एवढं करून "वाचून या" ऐकायचं?

आणि मुळात अँथोसायनिन बनवणारे जीन गेले हेच चूक आहे. पालक घ्या. डीएफआर आणि एएनएस ही अँथोसायनिन बनवायच्या शेवटच्या टप्प्यातली एन्झाइम्स, त्यांचे जीन पालकात आहेत, बियांमध्ये चालूही होतात, पानात तेवढे गप्प असतात. बीटचं तर त्याहून भारी. त्याचा लाल रंग ठरवणारा वाय जीन म्हणजे अँथोसायनिनचे जीन चालू करणाऱ्या मिब (MYB) नावाच्या प्रथिनांच्याच भाऊबंदांपैकी एक निघाला, २०१५ मध्ये. फक्त तो आता जुन्या जोडीदार प्रथिनाला धरत नाही आणि बीटालेनचे जीन चालू करतो. बटण जुनंच, वायर दुसरीकडे जोडलीय! लेखात मी हेच लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं का मला शंका आहे.

बाकी फोटो धूसर, लेख लांबला वगैरे, त्यावर बोलत बसत नाही. जीन गेलाय म्हणता तर कुठला जीन, कुठल्या झाडातला, नाव घेऊन लिहा. चूक निघाली तर कार्नेशनसारखीच तीही दुरुस्त करीन.