इंग्रजीत एक मुकं अक्षर सोडून जा

आपल्यामागे काहीतरी उरावं असं वाटतंय? पुस्तकं रद्दीत जातात, पुतळ्यांवर कावळे बसतात. त्यापेक्षा इंग्रजीतला एखादा धडधाकट शब्द गाठा, त्यात एक बिनकामाचं अक्षर घुसवा आणि निर्धास्त व्हा. पुढची कित्येक शतकं जगभरची पोरं ते घोकत बसतील.

घुसवताना कारण खानदानी द्यायचं. कर्जाचा 'डेट' घ्या. फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी औषधालाही नव्हता. पण पंडितांना त्याचा लॅटिन पूर्वज 'डेबिटम' आठवला आणि त्यांनी पणजोबांचा बी पणतूच्या गळ्यात बांधला. तो आजही तिथे बसून आहे, ब्रसुद्धा काढत नाही. 'डाउट'मध्येही हाच बी. संशयाच्या शब्दातच संशयास्पद अक्षर, याला म्हणतात औचित्य!

मात्र सगळीकडे सारखा न्याय लावू नका, त्याने विद्वत्तेला बाध येतो. रिसीट, डिसीट, कन्सीट हे तिघे एकाच लॅटिन धातूचे वंशज. पी मिळाला तो एकट्या पावतीला.

आणि खानदान खरंच असायला हवं, अशीही अट नाही. 'आयलंड' हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, लॅटिन 'इन्सुला'शी त्याचं काडीचं नातं नाही. तरी एस चिकटलाच. 'टार्मिगन' पक्ष्याचं प्रकरण तर वाचण्यासारखं आहे. नाव स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतलं, साधं, टीने सुरू होणारं. पण ग्रीकमध्ये पंखाला 'प्टेरॉन' म्हणतात आणि पक्ष्याला पंख असतात. एवढ्या भक्कम पुराव्यावर १७व्या शतकात त्याच्यापुढे पी बसवला गेला. पक्ष्याला कुणी विचारलं नाही.

एकदा छापून आलं की तुमचं काम झालं. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना थाटला, तेव्हा सरदाराच्या 'नाइट'मधला के लोक खणखणीत उच्चारत होते. पुढे तो जिभेवरून उतरला, कागदावरून नाही.

कुणी उपटून काढेल ही भीतीही सोडा. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला ३०० शब्दांची सुटसुटीत स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला. 'थ्रू'ची जीएचवाली शेपटी छाटली जाणार होती. वर्तमानपत्रांनी टर उडवली, संसदेने नकार दिला, वर्ष संपायच्या आत हुकूम गुंडाळला. अध्यक्षांची ही गत, तिथे शाळामास्तर काय करणार?

नशीब जोरावर असेल, तर तुमचं अक्षर पुढेमागे बोलूही लागेल. 'फॉल्ट'मध्ये मुळात एल नव्हता. लॅटिनचं नाव सांगून तो आत आला, बराच काळ गप्प बसला आणि लोक वाचून वाचून तो उच्चारायला लागले. आता तुम्ही जुन्या, बिनएलच्या पद्धतीने म्हणून बघा. फॉल्ट तुमचाच निघेल.