पायरी उतरलेलं गिऱ्हाईक

मंगळवारी पहाटे चारला नळाला पाणी आलं आणि त्याच मुहूर्तावर फोनवर मेल आला. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे त्या वेळी आमच्याकडे लग्नघर असतं. बायकोच्या हातात पाइप, मी बॅरलपाशी, आणि खिडकीत फोनवर भीमसेन जोशींचा अभंग. अभंगाच्या डोक्यावर एक पट्टी सरकली : 'तुमच्या प्लॅनची किंमत बदलत आहे.' बदलत आहे! बॅरलमधलं पाणी वर चाललं होतं, किंमत कुठं चालली असेल ते वाचायची गरज नव्हती.

गाणी ऐकायच्या ॲपला महिन्याला वीस रुपये वाढ. दोन चहा. बायको म्हणाली, "देऊन टाका की ओ, पाइप धरा." पण प्रश्न वीस रुपयांचा नव्हता. मी चादरीच्या दुकानात गादीवर बावीस वर्षं काढलीत. भाव मीही वाढवलेत, पण त्याची एक रीत असते. गिऱ्हाइकाला बसवायचं, चहा सांगायचा, चादर पुरी उलगडायची, उलटी करून मागच्या अंगाचीही नक्षी दाखवायची, एक टोक त्याच्या हातात देऊन वजन बघायला लावायचं, आणि मग हळूच, घरात कुणी आजारी असल्यासारखं सांगायचं, "सूत लई वाढलंय ओ." मेलमध्ये लिहिलं होतं, 'तुम्हाला आणखी चांगला अनुभव देता यावा म्हणून.' बावीस वर्षांत मी एकाही माणसाला म्हणालो नाही की वीस रुपये जास्त द्या, तुम्हालाच बरं वाटेल.

भाव करायला समोर तोंड लागतं. मी शोधलं. 'मदत' असं लिहिलेलं एक बटण सापडलं. आत एक यंत्र बसलेलं. त्यानं विचारलं, मी तुमची काय मदत करू? मी लिहिलं, दहा वाढवा, विषय मिटवा. त्यानं प्लॅनची माहिती पाठवली. मी लिहिलं, जुना माणूस आहे, आठ वर्षांचा. त्यानं परत प्लॅनची माहिती पाठवली. आमच्याकडं गुमास्ता असा वागला असता तर संध्याकाळी हिशेब करून घरी पाठवला असता.

पोराला पुण्याला फोन लावला. "पप्पा, कशाला डोक्याला ताप करून घ्यायलाव? फॅमिली प्लॅन घ्या, सहा जण चालतात." हिशेब केला, माणशी फारच स्वस्त पडत होतं. मग खालची बारीक अक्षरं वाचली : सगळे एकाच पत्त्यावर राहणारे पाहिजेत. आता बोला. ज्याचं घर सोलापुरात, त्याचं निम्मं कुटुंब पुण्यात, हे हुतात्मा एक्सप्रेसच्या कुठल्याही डब्यात शिरलं तरी कळतं. एका पत्त्यावर आम्ही सगळे फक्त सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेला असतो, तेही चार दिवस.

मग म्हटलं, फुकटच ऐकू, मधे जाहिराती येतील तेवढंच. हा प्रयोग पुढच्या पाण्याच्या दिवशी केला. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, विठ्ठलाचं नाव आळवून आळवून पार वर नेलेलं, आणि अचानक एक बाई दुप्पट आवाजात ओरडायला लागली की पाच मिनिटांत कर्ज घ्या. ओल्या बोटाला फोन दाद देईना. कोपरानं दाबलं तर आवाज आणखी वाढला. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, "काय बे, कर्ज काढलास का पाण्याला?"

राहिली दुसरी कंपनी. तिचा भाव कमी होता आणि गाणी म्हणे दहा कोटी. या सगळ्यांकडं दहा कोटीच असतात, जसं आमच्या पेठेत प्रत्येकाकडं 'अस्सल' चादरच असते. मी वहीत मांडून बघितलं. गाणं तीन मिनिटांचं धरलं तर रात्रंदिवस ऐकून दहा कोटी संपायला साधारण ५७० वर्षं लागतात. म्हणजे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापूरचं तळं खोदलं तेव्हा काठावर ऐकत बसलो असतो, तर एव्हाना एक फेरी होऊन दुसरी निम्म्यावर आली असती. माझ्या यादीत गाणी आहेत २१२.

पण ती २१२ उभी करायला आठ वर्षं गेलीत. आईची कन्नड वचनं, म्हणजे लिंगायत संतांची पदं, दुकानातल्या पोरांनी लावलेली तेलुगू गाण्यांची सवय, मराठी भावगीतं, हिंदी तर आहेतच. जुन्या ॲपला हे कळायला दोन वर्षं लागली. आधी त्याला वाटायचं या फोनवर चार माणसं भांडताहेत. आता मात्र त्याला ठाऊक आहे की सकाळी वचन, दुपारी तेलुगू, आणि रात्री जेवणानंतर आशाबाई. नव्या ॲपनं पहिलाच प्रश्न विचारला : तुमची भाषा निवडा. सोलापूरच्या माणसाला! मी चार ठिकाणी खुणा केल्या. त्यानं मला चार भाषांतली वरातीची गाणी लावली.

यादी इकडून तिकडं नेणारी वेगळी सोय असते, हे पोरानं सांगितलं. फुकटात दोनशे गाणी नेणार, वरच्यांना पैसे. म्हणजे बारा मागं ठेवायची. त्या रात्री मी बारा गाणी निवडायला बसलो आणि अकरा वाजेपर्यंत एक निघालं. तेही बायकोच्या आवडीचं, म्हणून परत आत घातलं. शेवटी तळातली बारा डोळे झाकून सोडली. पलीकडं जे पोचलं ते बघून मी गप्पच बसलो. पोरानं खुलासा केला की प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-आकड्यांचा एक आयएसआरसी क्रमांक असतो, तो जुळला तर तेच गाणं येतं, नाही तर नाव बघून जवळपासचं उचलतात. त्या जवळपासच्यात माझ्या एका भावगीताची कॅराओके निघाली. नुसती पेटी आणि तबला. गायचं मी. आईच्या एका वचनाच्या जागी ढोल बडवणारा डीजे होता, आईनं अर्ध्या मिनिटातच विचारलं, "गड्डा लागला का रे?"

पूर्वी नव्या पेठेत कागदावर यादी लिहून दिली की दुकानदार कॅसेट भरून द्यायचा. साठ मिनिटांची, तीस या अंगाला, तीस त्या. शेवटचं गाणं कधी कधी कडव्याच्या मध्यात कापलं जायचं, पण दुसऱ्याचं गाणं माझ्या कॅसेटवर कधी आलं नाही.

मग मी ठरवलं, धंद्यातला शेवटचा डाव टाकायचा. पायरी उतरायची. गिऱ्हाईक भाव ऐकून उठतं, चप्पल घालतं, चालायला लागतं. पहिल्या पायरीवर हाक मारली तर दुकानदार कच्चा. दुसरीवर त्यानं घड्या घालत बसायचं. तिसरीवर पाऊल पडलं की, "ओ साहेब, या की, तुमचंच दुकान हाय!" मी आयुष्यभर तिसऱ्या पायरीवर हाका मारल्यात. आता उतरायची पाळी माझी. 'सदस्यत्व रद्द करा' दाबलं. का सोडताय, म्हणून विचारलं, पाच कारणं दिली. 'महाग वाटते' वर खूण केली आणि अगदी सावकाश, दुकानदाराला पुरेसा वेळ मिळेल असा, पुढं गेलो. पडद्यावर आलं, 'तुमचा प्लॅन १४ तारखेपर्यंत सुरू राहील. धन्यवाद.'

हाक नाही. मी तीन दिवस रस्त्यावर रेंगाळलो. रोज मेल उघडून बघायचो. तेरा तारखेला रात्री, बायको झोपल्यावर, कुणी बघत नाही ना याची खात्री करून मी सगळ्या पायऱ्या चढलो आणि नव्या भावानं पैसे भरले. धंद्यात उतरलेलं गिऱ्हाईक आपणहून परत आलं की त्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत.

पंधरा तारखेला पुन्हा पाण्याचा दिवस. अभंग बिनतक्रार चालू होता. बायकोनं पाइप बॅरलमध्ये सोडला आणि पदराला हात पुसत स्वतःचा फोन माझ्यापुढं धरला. तिनं त्या ॲपला आजवर एक रुपया दिलेला नाही. वर्षातून दोनदा हरतालिकेची गाणी लावते तेवढंच. "ओ, हे काय म्हणायलेत बघा."

तीन महिने मोफत. फक्त नव्या ग्राहकांसाठी.

"घेऊ का?" तिनं विचारलं. बॅरल भरून वाहायला लागलं होतं.